चकचकीत करू नका! जुन्या जर्मन पिस्तुलांचा संग्रह म्हणजे नेमकं काय जपणं?

एका टेबलावर दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा. दोन्ही जर्मन बनावटीची, दोन्हींवर 1917 हे साल कोरलेलं. पहिलं काळंभोर, आरशासारखं चकाकणारं. दुसऱ्याचा काळा रंग नळीच्या टोकाशी उडाला आहे, मुठीच्या अक्रोडी लाकडावरची चौकड्यांची नक्षी हातांनी घासून बोथट झाली आहे. तुम्हाआम्हाला निवडायला सांगितलं तर आपण पहिल्याकडे बोट दाखवू. जाणकार संग्राहक मात्र पहिलं दोन मिनिटं उलटसुलट करून खाली ठेवेल आणि दुसऱ्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजायला तयार होईल.

परदेशातल्या लिलावांच्या बातम्या अधूनमधून आपल्याकडे येतात, तेव्हा त्याखाली दोन प्रश्न हमखास दिसतात. एका जुन्या पिस्तुलाला एवढे पैसे कशाला? आणि हिटलरच्या फौजेची शस्त्रं जपायचीच कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या उत्तरांसाठी आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: संग्राहक पिस्तुलाकडे शस्त्र म्हणून कमी आणि दस्तऐवज म्हणून जास्त बघतो. मोडी कागद वाचणारा माणूस कागदावरचे डाग, शिक्के, समासातली अक्षरं जशी बघतो, तसं.

## आधी तीन नावं लक्षात ठेवू

या छंदात नावं शेकड्यांनी आहेत, पण वाचकाला तीन पुरेत.

पहिलं माउझर सी-96. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या माउझर कारखान्याचं, 1896 सालचं. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, काडतुसांची पेटी मुठीत नसून चापाच्या पुढे. पिस्तुलाचं लाकडी घर मुठीला मागून जोडलं की त्याची छोटी बंदूक होते. तरुण विन्स्टन चर्चिलने 1898 मध्ये सुदानातल्या ओमदुरमनच्या लढाईत हेच वापरलं होतं.

दुसरं लूगर, लष्करी नाव पी-08. जर्मन आरमाराने ते 1904 मध्ये आणि भूदलाने 1908 मध्ये स्वीकारलं. नावातला 08 म्हणजे तेच साल. ह्यूगो बोर्खार्टने 1893 मध्ये केलेल्या बोजड पिस्तुलाला ऑस्ट्रियात जन्मलेल्या गेओर्ग लूगरने आटोपशीर रूप दिलं. त्याच्यासाठी तयार झालेलं 9 मिलिमीटरचं काडतूस आज जगभरच्या पोलीस आणि लष्करांत वापरलं जातं.

तिसरं वाल्थर पी-38. लूगर बनवायला महाग आणि वेळखाऊ, म्हणून 1938 मध्ये त्याच्या जागी हे निवडलं गेलं. संग्राहकांचा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो लूगरमध्ये, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

## लूगरचा ‘गुडघा’

शाळेत हा खोडसाळपणा सगळ्यांनी केलेला असतो: समोरचा मुलगा ताठ उभा असताना मागून त्याच्या गुडघ्याच्या लवणीत हलकेच टपली मारायची. पाय ताठ असेपर्यंत अख्ख्या शरीराचा भार सहज पेलतो. सांधा जरासा सरळ रेषेतून हलला की तोच पाय दुमडतो.

लूगर नेमकं या तत्त्वावर चालतं. नळीच्या मागे दोन लोखंडी दांड्यांचा एक सांधा असतो. जर्मन भाषेत त्याला ‘गुडघ्याचा सांधा’ असंच म्हणतात. गोळी सुटते तेव्हा हा गुडघा ताठ असतो, त्यामुळे स्फोटाचा दाब तो पेलतो. नळी आणि गुडघा मिळून काही मिलिमीटर मागे सरकतात. तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरलेला असतो. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या गोल घुंड्या मागच्या उतारावर आपटतात, गुडघा वर दुमडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि स्प्रिंग सगळं पुन्हा ताठ करते. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. हीच कल्पना मॅक्सिम मशीनगनमध्ये आधी वापरली गेली होती.

या रचनेला भाग फार नेमके बसावे लागतात. म्हणून कारखान्यात कुशल कारागीर एकेक भाग कानस मारून त्या त्या पिस्तुलाला जुळवायचे. एकदा जुळवलेला भाग दुसऱ्या पिस्तुलात नीट बसेलच असं नाही. जुना वाडा उतरवताना सुतार तुळयांवर आणि खांबांवर खुणा करतात, कारण ते पुन्हा त्याच जागी बसवायचे असतात. लूगरच्या कारागिरांनीही तेच केलं: प्रत्येक भागावर नंबर घातला.

## नंबरांवरून एवढा गदारोळ का?

जुनी गाडी घेताना आपण चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघतो. लूगरच्या बाबतीत हे काम फार पुढे जातं. मुख्य सांगाड्यावर आणि नळीवर पूर्ण नंबर असतो, आणि चाप, सेफ्टीची कळ, गुडघ्याचे दांडे अशा लहान भागांवर त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे. लष्करी पिस्तुलासोबत दोन मॅगझिन, म्हणजे काडतुसांच्या पेट्या, दिल्या जात. त्यांच्याही बुडाला तोच नंबर, आणि दुसरी कोणती हे कळावं म्हणून तिच्यावर अधिकचं (+) चिन्ह. सगळे भाग आणि दोन्ही मॅगझिन एकाच नंबरचे असणं ही शंभर वर्षांनंतर फार दुर्मीळ गोष्ट आहे. त्यात ती अधिकची खूण असलेली दुसरी पेटी जागेवर सापडणं म्हणजे संग्राहकाची दिवाळीच.

नुसता नंबर मात्र पुरत नाही. लष्करी लूगरचे आकडे दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत, दहा हजार झाले की आकड्यापुढे ए, बी, सी अशी अक्षरं लागत, आणि बर्लिनचा डीडब्ल्यूएम कारखाना व एरफुर्टचा सरकारी कारखाना आपापली मोजणी स्वतंत्र ठेवत. म्हणजे एकाच नंबरची अनेक पिस्तुलं असू शकतात. नुसतं ‘4512’ सांगून गाडी सापडत नाही, एमएच 12 की एमएच 09 हे सांगावं लागतं. इथे कारखाना, साल, नंबर आणि अक्षर अशा चारही गोष्टी मिळून एक पिस्तूल ठरतं.

नंबर किती मोलाचा असतो याचं एक उदाहरण थेट आपल्या स्वातंत्र्यलढ्यातलं आहे. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्याच्या रॉडा अँड कंपनी या शस्त्रविक्रेत्यांच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं पळवली. मुठीला लाकडी पेटी जोडून खांद्यावरून झाडता येणारं, वर सांगितलं तेच हे पिस्तूल. कंपनीकडे प्रत्येकाचा नंबर नोंदलेला होता. त्यामुळे पुढे जिथे जिथे एखादं पिस्तूल सापडलं, तिथे ते या पन्नासांपैकी आहे का हे पोलिसांना ताडून बघता आलं. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीच्या 1918 च्या अहवालात याचा हिशेब आहे: 44 पिस्तुलं नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली, ती 54 घटनांत वापरली गेली आणि तोवर 31 परत सापडली होती. ज्या अहवालातून रौलट कायदा आला, त्याच अहवालात या नंबरांनी ओळखलेल्या पिस्तुलांची मोजदाद आहे. उद्या एखाद्या पोलीस मालखान्यात जुनं माउझर निघालं आणि कुणी उत्साहाने घासूनपुसून त्याचा नंबर घालवला, तर ते त्या पन्नासांपैकी होतं का, हे कायमचं कळणार नाही. मला याची खरोखर धास्ती वाटते.

## ठसे वाचायला शिकलं की काय दिसतं?

किराणा दुकानातल्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तशी जर्मन शस्त्रांवर तपासनिसांची छोटी चिन्हं असतात. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळात मुकुट आणि त्याखाली अक्षर, नाझी काळात गरुड. त्यांतून कधी कधी अख्खा इतिहास हाती लागतो.

काही लूगरवर नळीच्या मागच्या भागावर दोन सालं दिसतात: 1917 आणि त्यावर 1920. नवख्याला वाटतं की पिस्तूल दोनदा बनलं. खरं असं की पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत लाखो शस्त्रं लोकांच्या घरी राहिली होती. सरकारने ती जमा करायचा कायदा केला, आणि आपल्या ताब्यातल्या अधिकृत शस्त्रांवर 1920 हा ठसा मारला, म्हणजे सरकारी कुठलं आणि चोरटं कुठलं हे कळावं. तो एक ठसा म्हणजे हरलेल्या, अस्वस्थ देशाची नोंद आहे.

‘सिमसन’ हे नाव कोरलेली लूगर मात्र मला सगळ्यात जास्त हलवून टाकतात. व्हर्सायच्या तहानंतर जर्मन लष्कराला फार मोजकी शस्त्रं बनवायची मुभा होती, आणि ते काम झूल गावच्या सिमसन कंपनीला मिळालं. कंपनी एका ज्यू कुटुंबाची होती. नाझी सत्तेत आल्यावर 1930 च्या दशकाच्या मध्याला त्या कुटुंबाकडून कारखाना हिसकावून घेतला गेला, कुटुंबाला देश सोडावा लागला आणि कंपनीचं नावच बदलण्यात आलं. पिस्तुलावरचं ते सहा इंग्रजी अक्षरांचं नाव त्या घराण्याच्या उद्योगाची साक्ष आहे. कुणी ते पॉलिशच्या चाकावर धरलं तर साक्षच पुसली जाईल.

त्याच सुमाराला पिस्तुलांवरून कारखान्यांची नावं जाऊन सांकेतिक खुणा आल्या, म्हणजे शत्रूला कुठे किती उत्पादन होतं ते कळू नये. 1934 आणि 1935 ही सालं तर के आणि जी या अक्षरांमागे लपवली. पी-38 वर ‘एसी’ दिसलं तर वाल्थर, ‘बीवायएफ’ दिसलं तर माउझर, ‘सीवायक्यू’ दिसलं तर श्प्रेवेर्क.

## काळा रंग म्हणजे रंग नव्हेच

आता मूळ कोड्याकडे. चकचकीत पिस्तूल कमी मोलाचं का?

पोलादावर दिसणारा निळसर काळा थर रंगाच्या डब्यातून आलेला नसतो. त्याला ब्लूइंग म्हणतात, आणि तो चक्क गंजाचाच एक प्रकार आहे. लोखंडाचे दोन गंज आपल्या कामाचे. तांबडा गंज भुसभुशीत असतो, हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. काळा गंज घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला थोडंफार झाकतो. जुन्या जर्मन कारागिरांची पद्धत अशी: पोलाद घासून स्वच्छ करायचं, आम्लाचं द्रावण लावून दमट पेटीत ठेवून मुद्दाम तांबडा गंज चढू द्यायचा, मग भाग उकळत्या पाण्यात टाकायचा. उकळताना तांबडा गंज काळा होतो. वरची सैल भुकटी तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा अनेक फेऱ्यांनंतर तो खोल, मखमली रंग येई. बिडाच्या तव्यावर वर्षानुवर्षं तेल बसून येणारा काळा थर ठाऊक आहे ना? रसायन वेगळं, पण स्वभाव तोच. आजीचा तवा कुणी घासणीने पांढरा केला तर घरात काय होईल ते आठवा.

लूगरचा चाप, सेफ्टीची कळ असे छोटे भाग मात्र काळे न करता नुसते तापवून भाताच्या पेंढ्यासारखे पिवळसर ठेवलेले असत, आणि सांगाड्याची आतली बाजू पांढरीच राही. साधारण 1937 पासून माउझरने गरम क्षारांच्या टाकीत बुडवण्याची झटपट पद्धत घेतली, तेव्हा सगळंच एकसारखं काळं होऊ लागलं. म्हणून 1917 च्या लूगरचा चापही काळा आणि सांगाडा आतूनही काळा दिसला, की जाणकार ओळखतो: हे नंतर कुणीतरी ‘नवं’ केलंय.

ठसा मारताना त्याच्या कडेचा धातू केसभर वर उचलला जातो. पॉलिश केलं की ती कड सपाट होते, अक्षरं उथळ होतात, कोपरे गोलावतात. एकदा गेलेला धातू परत येत नाही. टेबलावरच्या पहिल्या पिस्तुलाचं हेच झालेलं असतं.

खोटेपणाही इथेच शिरतो. वेगवेगळ्या पिस्तुलांचे भाग एकत्र करून नंबर नव्याने ठोकायचे, सामान्य नळीवर आरमाराची खूण मारायची, असे उद्योग चालतात. जाणकार भिंगाखाली आकड्यांचं वळण आणि खोली बघतात.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी ताब्यात घेतलेली हजारो पिस्तुलं मात्र वेगळी मोजायला हवीत. ती खोलून, भागांची सरमिसळ करून, पुन्हा काळी करून गोदामात ठेवली गेली. अनेकांवर फुलीची खूण आहे. बाजारात त्यांना कमी भाव मिळतो. मला ते पटत नाही, कारण ती सरमिसळ लबाडीची नाही. एका विजयी फौजेने पराभूताची शस्त्रं कशी मोजून ठेवली, त्याचीच ती नोंद आहे.

## मग जपायचं तरी कसं?

थोडक्यात सांगायचं तर जितकं कमी कराल तितकं बरं.

पहिला शत्रू म्हणजे आपला हात. घामातलं मीठ पोलादावर बसलं की बोटाच्या ठशाच्या आकारातच गंज चढतो. संग्रहालयात हातमोजे घालतात ते यासाठी. दुसरा शत्रू दमट हवा. ज्यांनी आषाढात कोकणातल्या पडवीत टांगलेला कोयता पाहिलाय त्यांना हे समजवायला नको. पण हवा अगदी कोरडी केली तर मुठीचं लाकूड आकसून तडकतं. म्हणून सापेक्ष आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर, ठेवायचा प्रयत्न असतो.

तिसरा शत्रू फार फसवा आहे: पिस्तुलाचं स्वतःचं चामडी घर. ते मूळ असतं, सुंदर असतं, आणि पिस्तूल त्यातच ठेवावंसं वाटतं. पण चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्याने शोषलेला ओलावा मिळून पोलाद खातात, पितळी खिळ्यांभोवती हिरवा चिकट थर येतो. दोघं एकाच कपाटात असावेत, पण एकात एक नकोत.

नळीच्या आतले खड्डे हा जुन्या काडतुसांचा वारसा. त्यांच्या टोपीतल्या रसायनातून गोळी झाडल्यावर मिठासारखा क्षार मागे उरे, तो हवेतलं पाणी ओढून घेई. तेलात क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्या काळच्या ज्या सैनिकाने नळी आधी गरम पाण्याने धुऊन मग तेल लावलं, त्याची नळी आजही आरशासारखी असते.

पृष्ठभागासाठी संग्रहालयं पातळ तेल किंवा सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. मेणाचा फायदा असा की ते हवं तेव्हा काढता येतं. जतनशास्त्राचा हा पायाच आहे: जे कराल ते उलटवता आलं पाहिजे.

## हे नाझींचं उदात्तीकरण नाही का?

असे लोक आहेत, हे मी नाकारणार नाही. गरुडाचं चिन्ह पाहून ज्यांचे डोळे चमकतात, त्यांच्यापासून या क्षेत्राने चार हात लांब राहायला हवं. जर्मनीने इथे स्पष्ट रेषा आखली आहे. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम 86-अ नुसार स्वस्तिकासह नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला अशा कारणांना सूट आहे. त्यामुळे जर्मन लिलावांच्या कॅटलॉगमध्ये ते चिन्ह बऱ्याचदा झाकलेलं दिसतं.

पण ही पिस्तुलं वितळवून टाकली तर काय हरवेल, तेही बघायला हवं. ‘सीवायक्यू’ ही तीन अक्षरं आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका गावातल्या कारखान्याकडे नेतात, जिथे सक्तीच्या मजुरांना राबवलं गेलं. वाल्थरने हाम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे छळछावणीत कैद्यांकडून शस्त्रांचे भाग बनवून घेतले. युद्धाच्या शेवटाकडच्या पी-38 वर यंत्राच्या खरखरीत खुणा तशाच राहिलेल्या दिसतात. घाई, टंचाई आणि ती घाई ज्यांच्या पाठीवर लादली होती ती माणसं, या सगळ्यांचा माग त्या पोलादात आहे. लखलखीत करून काचेत ठेवलेलं पिस्तूल हे काही सांगत नाही. ओरखड्यांसकट, नीट नोंद करून ठेवलेलं सांगतं.

## धोक्याचं काय?

शंभर वर्षांचं लूगर आजही झाडता येतं, ही गंभीर बाब आहे. म्हणून देशोदेशी वेगवेगळे तोडगे आहेत. जर्मनीत संग्राहकाला आपला विषय ठरवून, संग्रहाचं सांस्कृतिक-ऐतिहासिक महत्त्व पटवून खास लाल परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये 1996 च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर पिस्तुलांवर बंदी आली; ऐतिहासिक महत्त्वाच्या काहींना कलम 7 खाली सूट मिळाली, पण त्यांतली बरीच घरी न ठेवता ठरवून दिलेल्या जागीच ठेवावी लागतात.

तिसरा मार्ग निकामी करण्याचा. पॅरिसमधल्या 2015 च्या हल्ल्यांनंतर युरोपीय संघाने निकामी करण्याचे नियम कडक केले, कारण कच्चं निकामी केलेलं शस्त्र पुन्हा चालू करता येत होतं. आता आतले भाग कापून, वितळजोड करून कायमचे बंद करावे लागतात. संग्राहक हळहळतात, कारण तो गुडघा पुन्हा कधीच दुमडत नाही. हळहळ मला कळते, पण खासगी घरांबाबत माझा कौल नियमाच्या बाजूने आहे. अखंड नमुने संग्रहालयांच्या तिजोरीत असावेत.

## आणि आपल्या घरात असं काही निघालं तर?

ही शक्यता अगदीच कल्पनेतली नाही. मराठा पलटणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मन फौजेशी लढल्या. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात शत्रूचं पिस्तूल ही सगळ्याच सैन्यांत मोठी आठवणवस्तू मानली जाई.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे: ‘शंभर वर्षं जुनं, म्हणजे पुराणवस्तू, परवाना कशाला?’ 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे हे खरं. पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करताही झाडता येण्याजोगं नसावं. लूगर किंवा पी-38 या अटीत सहसा बसत नाही. शिवाय 9 मिलिमीटर हे आपल्याकडे निषिद्ध गटातलं माप आहे.

तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या गणवेशाखाली काही जड लागलं, तर ते बाहेर काढू नका, चाप ओढून बघू नका, मॅगझिन काढायचा खटाटोप करू नका. लूगरमध्ये काडतूस भरलेलं असलं की वरच्या पट्टीच्या बाजूला ‘गेलाडेन’, म्हणजे ‘भरलेलं’, हा जर्मन शब्द उघडा पडतो, पण तो वाचण्यासाठीही हातात घेऊ नका. मुलांना खोलीबाहेर काढा, पोलीस ठाण्याला कळवा, आणि ते कुणाचं, कुठून आलं, घरात कोणती हकिकत ऐकली होती हे त्याच दिवशी कागदावर लिहून काढा. गणवेश, पगारपुस्तिका, पत्रं असतील तर तीही एकत्र ठेवा. आणि त्यावरचा गंज पाहून कितीही वाटलं, तरी फडक्याने पुसू नका.